गृहयुद्धाच्या उंबरठ्यावरची पुस्तिका : ६ मे १९४५ चे बाबासाहेब

ऑगस्ट महिना लागला की आमच्या फोनवर बाबासाहेब येऊ लागतात. एप्रिलमध्ये येतात ते वेगळे, हे वेगळे. १४ ऑगस्ट हा दिवस केंद्र सरकारने २०२१ साली 'विभाजन विभीषिका स्मृती दिन' म्हणून जाहीर केला, तेव्हापासून या पुराला जोर चढला आहे. भगव्या चौकटीत बाबासाहेबांचा फोटो, खाली त्यांच्या पाकिस्तानवरील ग्रंथातले मुसलमानांविषयीचे एखादे अलगद तोडून काढलेले वाक्य, आणि शेवटी सल्ला : आता तरी भीमसैनिकांनो जागे व्हा. पाठवणारा बहुधा असा असतो की ज्याने बाबासाहेबांचे एकही पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलेले नाही. आपलेही काही तरुण ते पुढे पाठवतात, म्हणून हा लेख.

त्या ग्रंथाची पहिली आवृत्ती १९४० च्या अखेरीस आली आणि सुधारून वाढवलेली दुसरी १९४५ च्या सुरुवातीला. त्यात १९२० ते १९४० या वीस वर्षांतल्या दंगलींची जंत्री देऊन बाबासाहेबांनी त्या काळाला दंगलींचा काळ म्हटलेले नाही. त्यांचा शब्द सरळ गृहयुद्ध असा आहे. मधूनमधून शस्त्रसंधी होत राहिलेले वीस वर्षांचे गृहयुद्ध. मग दुसरी आवृत्ती आल्यावर काही महिन्यांतच या माणसाने काय केले? मुसलमानांना हाकला असे म्हटले? हिंदूंनो एक व्हा असे म्हटले? त्यांनी ६ मे १९४५ रोजी मुंबईत अखिल भारतीय शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनच्या अधिवेशनात एक भाषण केले आणि ते पुस्तिका म्हणून छापले. 'कम्युनल डेडलॉक अँड अ वे टू सॉल्व्ह इट'. कोंडी आणि ती फोडण्याचा एक मार्ग.

या 'कम्युनल' शब्दाने मराठीत मोठा घोळ घातलेला आहे. त्या काळी मराठीत त्याला 'जातीय' म्हणत. जातीय दंगल, जातीय निवाडा. आज 'जातीय' म्हटले की आपल्याला जात दिसते, धर्म दिसत नाही. बाबासाहेबांच्या विचारात मात्र दोन्ही एकाच प्रश्नाची अंगे आहेत. जन्माने ठरलेला गट सत्ता कशी धरून ठेवतो हा तो प्रश्न. सवर्ण हिंदू, मुसलमान आणि अस्पृश्य या तिघांना ते एकाच तक्त्यात बसवतात ते याचमुळे.

ही पुस्तिका आज दुर्मीळ का, तर छापून आलेली मूळ प्रत क्वचितच कुणाकडे असते. 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'च्या पंधराशे प्रती दोन महिन्यांत संपल्या, पुढे आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. या पुस्तिकेचे तसे भाग्य नव्हते. १९७९ साली महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागाने वसंत मून यांच्या संपादनाखाली लेखन आणि भाषणांचा पहिला खंड काढला, त्यात ती पंचवीसेक पानांत आहे. पण खंड तरी कुठे सहज मिळतात? शासनाने छपाई रखडवली म्हणून २०२१ च्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. त्यामुळे पाकिस्तान ग्रंथातले तोडलेले वाक्य एका बोटाच्या अंतरावर आणि ही पंचवीस पाने कपाटात, अशी स्थिती आहे. दुर्मीळता नेहमी कागदाचीच असते असे नाही.

आता तो काळ पाहा. सप्टेंबर १९४४ मध्ये गांधी आणि जीना मुंबईत जीनांच्या बंगल्यावर बोलत बसले आणि काही न ठरता उठले. त्या खोलीत अस्पृश्यांना खुर्ची नव्हती. मग सप्रू समितीने आपला आराखडा पुढे केला. युरोपातले युद्ध संपत आले होते; बाबासाहेबांच्या भाषणानंतर दोनच दिवसांनी जर्मनीची शरणागती झाली. इंग्रज जाणार हे दिसत होते, पण जाताना चावी कोणाच्या हातात देणार हे ठरले नव्हते. बाबासाहेब त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. म्हणजे बाहेर बसून टीका करणारा हा माणूस नव्हता, आतले कागद पाहणारा होता.

भाषणाच्या सुरुवातीलाच ते एक धक्का देतात. संविधान सभेला त्यांचा विरोध आहे! ज्यांना आपण घटनेचे शिल्पकार म्हणतो त्यांनी १९४५ साली संविधान सभा अनावश्यक आणि धोकादायक ठरवली होती, हे सांगितले की आपली मंडळी बावरतात. कारण ऐकले तर बावरण्यासारखे काही नाही. १९३५ च्या कायद्यात राज्यकारभाराचा बहुतेक सांगाडा तयार आहे, त्यातली वसाहतीची कलमे काढली की काम भागते, असे त्यांचे म्हणणे. उरतो एकच प्रश्न, सत्तेत कोणाचा वाटा किती. तो प्रश्न आधी न सोडवता बहुमताने निर्णय घेणारी सभा बसवली, तर तिथे ज्यांची डोकी जास्त तेच ठरवणार आणि ज्यांची कमी ते उठून जाणार. याने देश गृहयुद्धात लोटला जाईल, असा इशारा त्यांनी स्पष्ट दिला. गृहयुद्ध हा शब्द त्यांचाच आहे, आम्ही शीर्षकासाठी शोधलेला नाही. पुढे घडले ते असे, की ९ डिसेंबर १९४६ ला संविधान सभा बसली तेव्हा मुस्लीम लीगच्या जागा रिकाम्या होत्या.

पुस्तिकेचा गाभा एका भेदात आहे. इंग्लंडमध्ये बहुमत म्हणजे राजकीय बहुमत. ते निवडणुकीत बनते, पुढच्या निवडणुकीत मोडते, आज मजूर पक्षात असलेला उद्या दुसरीकडे जाऊ शकतो. हिंदुस्थानातले बहुमत जन्माने आलेले आहे. त्यात शिरता येत नाही, त्यातून निघता येत नाही आणि प्रचाराने ते बदलत नाही. जे बहुमत कधी हरूच शकत नाही, त्याला लोकशाही म्हणून राज्य करण्याचा हक्क कोणत्या तत्त्वाने मिळतो? समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला बहुसंख्याकवादावर परदेशी पुस्तके नेमलेली होती. हे पंचवीस पानांचे भाषण त्या यादीत नव्हते.

मग उपाय काय? बाबासाहेब म्हणतात, आजवर सगळे पद्धती शोधत बसले, तत्त्व कोणी ठरवलेच नाही. एक गोलमेज फसली की दुसरी, एक करार फसला की दुसरा. त्यांचे तत्त्व असे : बहुसंख्य समाजाला सर्वांत मोठा गट होऊ द्या, पण निम्म्याहून जास्त जागा देऊ नका. त्याच्याकडून काढलेल्या जागा अल्पसंख्याकांत वाटा, आणि वाटताना सरसकट वाटू नका. सामाजिक प्रतिष्ठा, आर्थिक स्थिती आणि शिक्षण यांत जो जितका मागे त्याला तितके झुकते माप. आणि मांडणी अशी करा की बहुसंख्य समाज फक्त किरकोळ गटांना खिशात घालून राज्य करू शकणार नाही.

केंद्रीय विधिमंडळासाठी त्यांनी दिलेला तक्ता असा. हिंदू (म्हणजे अस्पृश्य वगळून) ४०, मुसलमान ३२, अनुसूचित जाती २०, शीख ४, भारतीय ख्रिस्ती ३, अँग्लो-इंडियन १. लोकसंख्येत त्यांनी धरलेले हिंदूंचे प्रमाण सुमारे ५५ टक्के, मुसलमानांचे साडेअठ्ठावीस, अस्पृश्यांचे चौदा. आता बेरीज करून पाहा, कारण सगळी गंमत बेरजेत आहे. ४० मध्ये शीख, ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन मिळवले तर ४८ होतात. राज्य करता येत नाही. मुसलमानांकडे किंवा अस्पृश्यांकडे यावेच लागते. उलट मुसलमान आणि अस्पृश्य एकत्र आले तर ५२. म्हणजे अल्पसंख्याकांचेही सरकार होऊ शकते. मुंबई प्रांतात हिंदू सुमारे ७६ टक्के, तरी त्यांना जागा ४०. मुसलमान आणि अस्पृश्य प्रत्येकी दहा टक्क्यांच्या आत-बाहेर, तर त्यांना २८ आणि २८.

आणि हा नियम फक्त हिंदूंना लावलेला नाही. पंजाबात मुसलमान ५७ टक्के होते, तिथे त्यांनाही ४०. भगव्या चौकटीवाले आणि त्यांना उत्तर देताना बाबासाहेबांना मुस्लीम लीगचे वकील करून टाकणारे, दोघांनीही हा आकडा दहा वेळा वाचावा. जन्मजात बहुमत कुणाचेही असो, त्याला निम्म्याच्या आत ठेवायचे. मुसलमानांना ते सांगतात की पाकिस्तानपेक्षा ही हमी चांगली आहे. अखंड हिंदुस्थानात राहून तुम्हाला हिंदू बहुमताची भीती उरत नाही. हिंदूंना सांगतात की देश एक ठेवायचा असेल तर त्याची किंमत सापेक्ष बहुमतावर समाधान मानणे ही आहे. देश एक ठेवण्याची इतकी नेमकी, आकड्यांत मांडलेली योजना त्या वर्षी 'अखंड हिंदुस्थान' म्हणून गर्जना करणाऱ्या कोणी दिली होती का? त्यांना देश अखंड हवा होता आणि सत्ताही अखंड हवी होती.

इथवर वाचून आमच्या वाघोलीतल्या अभ्यासवर्गात टाळ्या पडतात. पुढच्या परिच्छेदाला पडत नाहीत, पण तो टाळून पुढे जाणे आम्हाला मान्य नाही.

त्या तक्त्यात आदिवासी नाहीत. बाबासाहेबांनी ते जाणीवपूर्वक वगळले आहेत आणि वगळल्याचे सांगितलेही आहे. आदिवासींची संख्या शीख, ख्रिस्ती, पारशी यांच्याहून मोठी आहे हे ते मान्य करतात. पण त्यांच्यात अजून राजकीय जाणीव तयार झालेली नाही, त्यामुळे ते इतरांच्या हातातले हत्यार होऊन तोल बिघडवतील, असे कारण देतात आणि त्यांच्यासाठी वेगळ्या वैधानिक आयोगाची सूचना करतात. आम्ही १९४१ च्या जनगणनेचे आकडे घेऊन ताळा केला. तक्त्यातली टक्केवारी आदिवासींना एकूण लोकसंख्येतून वजा केल्यावरच जुळते. ब्रिटिश हिंदुस्थानातली सुमारे पावणेदोन कोटी माणसे बेरजेतच धरलेली नाहीत. ज्या युक्तिवादाने सवर्णांनी अस्पृश्यांना 'अजून तयार नाहीत' म्हणून दाराबाहेर ठेवले, त्याच्याशी या युक्तिवादाचे नाते आहे हे आम्ही म्हणणार नाही तर कोण म्हणणार? गंमत म्हणजे १७ डिसेंबर १९४६ ला बाबासाहेब संविधान सभेत पहिल्यांदा बोलले, आणि १९ डिसेंबरला तिथेच जयपालसिंग मुंडा उभे राहिले व त्यांनी सुनावले की आदिवासींना लोकशाही शिकवायला जाऊ नका, ती त्यांच्याकडून शिका. दोनच दिवसांचे अंतर.

आदिवासींसारखेच भटके-विमुक्तही त्यात दिसत नाहीत. त्यातल्या कित्येक जमाती तेव्हा गुन्हेगार जमाती कायद्याखाली पोलीस हजेरीला उभ्या होत्या. वाघोलीच्या दगडखाणींवर काम करताना आम्हाला जी माणसे भेटतात, त्यांतल्या अनेकांच्या आजोबांना या तक्त्यात जागा नव्हती. आणि 'हिंदू ४०' हा रकानाही एकसंध नाही. त्यात ब्राह्मण आहे आणि माळी, धनगर, कुणबीही आहे. महात्मा फुल्यांनी ज्या स्त्रीशूद्रांचा वेगळा हिशेब मांडला, ते इथे पुन्हा भटजी-शेटजींच्या खात्यात जमा झाले. हे त्या काळच्या वाटाघाटीचे बंधन होते असे कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. वाटाघाटीला बसणारे पक्ष ज्या नावांनी ओळखले जात होते तीच नावे वापरणे भाग होते. तरीही बाबासाहेबांचा अभ्यास करायचा तर तो असाच करावा लागेल. पूजा करायची असेल तर भगव्या चौकटीवालेही करतातच.

पुस्तिकेचे पुढे काय झाले? काहीच झाले नाही. १४ जून १९४५ ला व्हाइसरॉय वेव्हेल यांनी योजना जाहीर केली. सवर्ण हिंदू आणि मुसलमान यांना समसमान जागा. पुन्हा तीच दोघांची वाटणी. सिमल्याची परिषद १४ जुलैला मोडली. १९४६ च्या निवडणुकीत फेडरेशनचा धुव्वा उडाला. प्राथमिक फेरीत अस्पृश्यांची मते फेडरेशनला आणि अंतिम फेरीत सवर्णांच्या मतांनी निवडून आलेला काँग्रेसचा हरिजन, हे पुणे कराराचे यंत्र कसे चालते ते बाबासाहेबांनी एप्रिलमध्ये कॅबिनेट मिशनपुढे मांडले. मिशनने १६ मेच्या आराखड्यात अस्पृश्यांना स्वतंत्र घटक म्हणून जागाच दिली नाही.

याचा जाब पुण्यात विचारला गेला, हे पुण्यातल्याच किती जणांना माहीत आहे? मुंबई विधिमंडळाचे पावसाळी अधिवेशन तेव्हा पुण्यात कौन्सिल हॉलमध्ये भरत असे. तिथे १५ जुलै १९४६ पासून फेडरेशनने सत्याग्रह सुरू केला. पुणे करार रद्द करा, आमच्या वाट्याचे काय ते सांगा, एवढीच मागणी. तुकड्या येत राहिल्या, अटका होत राहिल्या. वाघोलीहून कौन्सिल हॉल फार तर पंधरा किलोमीटर. आपण दर १ जानेवारीला याच नगर रस्त्याने लोणीकंदवरून पेरण्याच्या विजयस्तंभाकडे जातो, १८१८ आपल्याला तोंडपाठ आहे. १९४६ चा जुलै मात्र याच शहरात घडला आणि त्याची साधी पाटीही आपल्या मनात नाही. लढाईचे स्मारक होते, वाटाघाटीचे होत नाही, असे काही आहे का?

महिनाभरात, १६ ऑगस्ट १९४६ ला, कलकत्ता पेटले. मग नोआखाली, मग बिहार, मार्च १९४७ मध्ये रावळपिंडी. पुस्तिकेत दिलेला इशारा पंधरा महिन्यांत रस्त्यावर उतरला होता. त्या आगीतच बाबासाहेब संविधान सभेत पोचले, तेही मुंबईतून नव्हे तर जोगेंद्रनाथ मंडल आणि बंगालच्या नमोशूद्रांच्या जोरावर. १७ डिसेंबरच्या त्या भाषणात त्यांनी अमेरिकन वसाहतींच्या वेळच्या एडमंड बर्कची साक्ष काढली : बळाने मिळवलेला विजय टिकत नाही, आणि जिंकलेली गोष्ट जिंकता जिंकताच मोडून जाते. बंदुकीच्या धाकाने घटना लादायची असे कोणाच्या मनात असेल तर ते मुसलमानांशी युद्ध ठरेल, हे त्यांनी काँग्रेसच्या बाकांना ऐकवले. मार्च १९४७ मध्ये फेडरेशनतर्फे 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' सादर केले. त्यात तीच तत्त्वे कायद्याच्या कलमांत घातली आहेत : पंतप्रधान संपूर्ण सभागृहाने निवडायचा आणि मंत्रिमंडळातले अल्पसंख्याकांचे प्रतिनिधी त्यांच्या त्यांच्या आमदारांनी. शेती आणि मुख्य उद्योग सरकारी मालकीचे करण्याची मांडणीही तिथेच आहे, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

३ जूनला फाळणीची योजना आली. बंगालची वाटणी झाली तशी बाबासाहेबांची संविधान सभेतली जागाही गेली; जुलैमध्ये ते मुंबईतून पुन्हा आले.

फाळणीच्या इतिहासात हिंदू असतात, शीख असतात, मुसलमान असतात. अस्पृश्य कुठे असतात? विभीषिका दिनाच्या प्रदर्शनांत त्यांना शोधून दाखवा. कराचीतल्या सफाई कामगारांना पाकिस्तान सरकारने अत्यावश्यक सेवेच्या नावाखाली अडवून धरले. भारताचे तिथले उच्चायुक्त श्रीप्रकाश यांनी याबद्दल लियाकत अली खानांना विचारले, तर उत्तर असे मिळाले की हे गेले तर शहरातले रस्ते आणि संडास साफ कोण करणार. म्हणजे धर्मावर दोन देश झाले, पण मैला उचलणारा दोघांनाही हवाच होता. बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४७ मध्ये पाकिस्तानातल्या अनुसूचित जातींना मिळेल त्या मार्गाने भारतात या असे आवाहन केले, डिसेंबरमध्ये नेहरूंना पत्र लिहून त्यांना बाहेर काढण्यासाठी महार पलटण पाठवण्याची मागणी केली. इकडे निर्वासित छावण्यांत आलेल्यांची कथा वेगळी नव्हती. सोडून आलेल्या जमिनीच्या बदल्यात जमीन मिळत होती. ज्यांना तिकडेही जमीन नव्हती त्यांना इकडे कशाच्या बदल्यात मिळणार? आणि जोगेंद्रनाथ मंडल, ज्यांनी मुसलमान आणि अस्पृश्य यांच्या ५२ च्या बेरजेवर विश्वास ठेवून पाकिस्तानचे कायदामंत्रिपद घेतले, त्यांनी ऑक्टोबर १९५० मध्ये लांबलचक राजीनामा लिहिला आणि कलकत्ता गाठले. जन्मजात बहुमत तिकडेही तसेच वागले. तक्त्यातला पंजाबचा ४० हा आकडा किती बरोबर होता, याचा तो सर्वांत दुःखद पुरावा.

भारताच्या संविधानात यातले काय आले? राखीव जागा आल्या, त्याही संयुक्त मतदारसंघातल्या. धार्मिक अल्पसंख्याकांसाठी ऑगस्ट १९४७ मध्ये मान्य झालेल्या राखीव जागा मे १९४९ मध्ये काढल्या गेल्या. सापेक्ष बहुमताचे तत्त्व कोणी चर्चेलाही घेतले नाही. पण मसुदा मांडताना, ४ नोव्हेंबर १९४८ ला, बाबासाहेबांनी तो जुना भेद सभागृहापुढे पुन्हा ठेवला : अल्पसंख्याकांनी ज्यांचे राज्य निमूटपणे मान्य केले आहे ते बहुमत राजकीय नाही, जन्मजात आहे, आणि त्याने अल्पसंख्याकांशी भेदभाव न करण्याची जबाबदारी ओळखली पाहिजे. मसुदा समितीचा अध्यक्ष झालेला माणूस १९४५ ची पुस्तिका विसरला नव्हता.

आमच्यातल्या काहींचे म्हणणे पडते की आता हे उकरून काय उपयोग, तो तक्ता आज लागू होणार आहे का? नाही होणार. आजच्या लोकसंख्येला, आजच्या पक्षांना तो जसाच्या तसा बसत नाही आणि समाजांना कायमचे रकान्यांत कोंडण्याचा धोकाही त्यात आहे. पण निवडणुकीनंतर 'जनतेने कौल दिला' हे वाक्य ऐकताना तो कौल राजकीय की जन्मजात, एवढा प्रश्न विचारायला तक्ता लागू व्हावा लागत नाही. वाघोली ग्रामपंचायत जून २०२१ मध्ये महापालिकेत गेली, मार्च २०२२ मध्ये पालिकेवर प्रशासक आला. खाणीवरच्या वस्तीत पाण्याचा टँकर कोणाला विचारायचा, हे त्यानंतर आम्ही किती दारे फिरून शोधले ते आम्हालाच ठाऊक. प्रतिनिधित्व हा शब्द तिथे पुस्तकी राहत नाही.

अभ्यासवर्गाने ठरवले आहे की हा तक्ता एका कागदावर छापायचा. डाव्या बाजूला लोकसंख्या, उजवीकडे जागा, आणि खाली एक रिकामा रकाना, आदिवासी व भटके-विमुक्त असे लिहिलेला. १ जानेवारीला पेरण्याला पुस्तकांचे जे स्टॉल लागतात, तिथे तो फुकट मिळेल. मागच्या बाजूला 'पाकिस्तान' ग्रंथाचे नाव, प्रकाशनाची वर्षे आणि खंडाचा क्रमांक दिलेला असेल, म्हणजे ऑगस्टमध्ये कोणी तोडलेले वाक्य पाठवले तर त्याला पान विचारता येईल.